गेम खेळत जपानी वाचायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेममधून जपानी वाचायला शिकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे शेवटी. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्यांना मिळून 'काना' म्हणतात. जपानी शब्द कानात जसे लिहिले जातात तसेच नागरीत मांडले आहेत. त्यामुळे 'दोउगु' असं दिसलं की 'दोऽगु' असं लांबवून वाचा.

१. मला जपानी अजिबात येत नाही. आजच गेम लावून बसले तर चालेल का?

आज नको, तीन-चार आठवड्यांनी बसा. तेवढ्या वेळात हिरागाना आणि काताकाना वाचता यायला हवेत आणि व्याकरणाची तोंडओळख व्हायला हवी: वा, गा, ओ, नि, दे हे प्रत्यय, क्रियापदाचा भूतकाळ आणि नकार, आणि 'ते' रूप. नवशिक्यांच्या कुठल्याही पुस्तकातले पहिले दहा-बारा धडे एवढ्यासाठी पुरतात.

गेम व्याकरण समजावून सांगत नाही. तो तुम्हाला एकच शब्द शंभर वेळा वाचायला लावतो, आणि प्रत्येक वेळी तो वाचायला काहीतरी कारण देतो. 'कागि' म्हणजे किल्ली हे पुस्तकात वाचलं तर दोन दिवसांत विसरतं. बंद दारासमोर अर्धा तास अडकून 'कागि' शोधली की ते विसरत नाही. पण त्यासाठी ती दोन अक्षरं तरी वाचता यायला हवीत.

२. जपानीत तीन लिप्या आहेत म्हणतात. आधी कुठली शिकू?

हिरागाना, मग लगेच काताकाना. दोन्हींत मूळ अक्षरं ४६-४६. रोज तासभर दिलात तर दोन आठवड्यांत होतात. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरं. तिचं प्रश्न ९ मध्ये बघू.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक जुनी ओळख भेटते. कानाचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होतो आणि ओळी येतात त्या अ, क, स, त, न, ह, म, य, र, व अशा. हा क्रम योगायोगाने जुळलेला नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी जपानमध्ये नेली, तिच्या वर्णमालेच्या वळणावर हा तक्ता बसला. त्यामुळे तो आपल्याला पाठ करावा लागत नाही, नुसता आठवावा लागतो.

उच्चारही आपल्या जिभेला परके नाहीत. 'त्सु' अवघड वाटला तर 'चूक' म्हणा आणि त्यातला च ऐका, 'चि'साठी 'चिंच' म्हणा. एकाच च चे दोन उच्चार आपण रोज करतो, तेच इथे दोन अक्षरांत वाटले आहेत. 'न्' हे अक्षर आपल्या अनुस्वारासारखं पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतं: प, ब, म आले की त्याचा म् होतो. लहान 'त्सु' म्हणजे जोडाक्षर: 'पता' आणि 'पत्ता' यांत जो फरक आहे तोच. फक्त लांबीकडे लक्ष ठेवा. 'युकि' म्हणजे बर्फ आणि 'युउकि' म्हणजे धैर्य, आणि गेममध्ये हे दोन्ही शब्द सारखे भेटतात.

३. मराठी येत असल्याचा आणखी काही उपयोग होतो का? सगळं साहित्य तर इंग्रजीत आहे.

खूप होतो. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. कोश इंग्रजीतले वापरा, पण वाक्य समजून घेताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका. तसं केलं की प्रत्येक वाक्य आधी उलटं करावं लागतं आणि मग पुन्हा सुलटं. मराठीत ते आहे तसं बसतं.

समजा, एका गावात शिरल्यावर विहिरीपाशी उभी असलेली बाई म्हणते:

'मुरानो कितानि फुरुइ तोउगा आरु. योरुनि नारुतो, दारेकानो उतागोएगा किकोएते कुरुन्दा.'

आता शब्दाशेजारी शब्द ठेवा. मुरा-नो: गावा-च्या. किता-नि: उत्तरे-ला. फुरुइ: जुना. तोउ-गा: मनोरा. आरु: आहे. गावाच्या उत्तरेला जुना मनोरा आहे. पुढचं वाक्य. योरुनि नारुतो: रात्र झाली की. दारेका-नो: कुणाच्यातरी. उतागोए-गा: गाण्याचा आवाज. किकोएते कुरु: ऐकू येतो. 'किकोएरु' म्हणजे ऐकू आणि 'कुरु' म्हणजे येणे, अगदी आपल्यासारखंच. शेवटचं 'न्दा' हे 'बरं का'च्या सुराचं. अकरा-बारा शब्दांत एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही.

'ते' रूपाचंही तसंच. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना त्याचे उपयोग तक्ते करून घोकावे लागतात. आपण 'ऊन' म्हटलं की झालं. इत्ते कुरु: जाऊन येतो. ताबेते मिरु: खाऊन बघतो ('मिरु' म्हणजे बघणे). शिते ओकु: करून ठेवतो ('ओकु' म्हणजे ठेवणे). ताबेते शिमाउ: खाऊन टाकतो. 'खाऊन बघ' यात डोळ्यांनी बघायचं नसतं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तसंच 'मिरु'चंही शिकवावं लागत नाही. धडधडणाऱ्या छातीसाठी 'दोकिदोकि', चकचकीत गोष्टीसाठी 'किराकिरा', असे जोडशब्दही भरपूर आहेत.

मराठी जिथे साथ सोडते ती जागा प्रश्न १६ मध्ये आहे.

४. पहिला गेम कुठला घेऊ?

गेम किती गाजलेला आहे ते बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट बघा: मजकूर तुमच्यासाठी थांबतो का? बटण दाबेपर्यंत वाक्य पडद्यावर राहत असेल तर तो वाचायचा गेम. वाक्यं आपोआप पुढे सरकत असतील, किंवा लढाई चालू असताना कोपऱ्यात संवाद येत असतील, तर तो गेम सध्या ठेवून द्या.

दुसरी गोष्ट फुरिगाना. कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत तिचा उच्चार कानात दिलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. मुलांनाही खेळता यावेत म्हणून केलेल्या गेममध्ये तो असतो. २०१३ साली आलेल्या 'योउकाइ वॉच'मध्ये तो आहे, आणि 'झेल्डा' मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या जपानी मजकुरातही. मात्र 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधल्या आवाजी दृश्यांत सबटायटल थांबत नाहीत, तेवढा भाग सुटला तरी वाईट वाटून घेऊ नका.

तिसरी गोष्ट विषय. गाव, शेती, दुकान, शाळा असा रोजचा विषय असेल तर शब्द बाहेरही उपयोगी पडतात. अंतराळयुद्धातले निम्मे शब्द त्या गेमबाहेर कुठेच भेटत नाहीत.

पोकेमॉन बहुतेकांना सुचतो आणि तो खरोखर चांगला आहे. वाक्यं छोटी असतात, तोच शब्दसाठा पुन्हा पुन्हा येतो. २०१० सालच्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'पासून मजकूर नुसत्या कानात हवा की कांजीसह, हे निवडता येतं. 'सन' आणि 'मून' (२०१६) मध्ये भाषा सुरुवातीलाच विचारतात आणि तो खेळ पुढे त्याच भाषेत चालतो, म्हणून घाईने बटण दाबू नका.

'ग्याकुतेन साइबान' (२००१) ही वकिलाची गोष्ट माझी फार आवडती. त्यात साक्षीदाराची जबानी ओळीओळीने पुन्हा पुन्हा वाचून तिच्यातली विसंगती पकडायची असते. म्हणजे नीट वाचणं हाच तिथला खेळ. पण फुरिगाना नाही, आणि शोउको (पुरावा), शोउगेन (साक्ष), हिकोकुनिन (आरोपी) असे शब्द पहिल्या तासातच येतात. तिसरा-चौथा गेम म्हणून तो घ्या.

५. कांजीच नसलेला जुना गेम जास्त सोपा पडेल ना?

पहिल्या महिन्यात हो, नंतर उलट. १९८६ सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये किंवा १९९६ सालच्या पहिल्या पोकेमॉनमध्ये सगळा मजकूर कानात आहे, कारण तेव्हाच्या कार्ट्रिजमध्ये कांजीची चित्रं ठेवायला जागा नव्हती. अक्षरओळख पक्की करायला असे गेम उत्तम.

पण जपानीत सारख्या उच्चाराचे शब्द फार आहेत. 'कामि' म्हणजे देव, कागद किंवा केस. 'हाशि' म्हणजे पूल, काठ किंवा जेवायच्या काड्या. कांजी असली की एका नजरेत उलगडा होतो, नुसत्या कानात संदर्भावरून ताडावं लागतं. असे गेम शब्दांमध्ये मोकळी जागा सोडतात ती याचसाठी. कांजी सुरुवातीला भिंत वाटते, पण दोनेकशे ओळखीच्या झाल्या की नुसत्या कानाचं पान वाचताना जास्त दम लागतो.

६. गोष्ट राहू दे, मला मेनूच कळत नाही. काय करू?

मेनूचे शब्द पहिल्याच दिवशी वहीच्या एका पानावर लिहून समोर ठेवा. ते थोडे असतात आणि जवळजवळ सगळ्या गेममध्ये तेच असतात.

पहिल्या पडद्यावर 'हाजिमेकारा' आणि 'त्सुझुकिकारा' दिसतील. 'कारा' म्हणजे पासून: सुरुवातीपासून, आणि राहिलं होतं तिथपासून. आत गेल्यावर दोउगु (वस्तू), सोउबि (अंगावरची हत्यारं-चिलखत), त्सुयोसा (ताकद, म्हणजे तुमचे आकडे), सेत्तेइ (सेटिंग), मोदोरु (मागे जा). लढाईत ताताकाउ (लढा) आणि निगेरु (पळा). मुक्कामाची जागा यादोया. होय म्हणजे हाइ, नाही म्हणजे इइए.

सेटिंगमध्ये 'मोजि सोकुदो' किंवा 'मेस्सेएजि सोकुदो' शोधा, तो अक्षरं उमटण्याचा वेग. आणि संवादात 'रोगु' किंवा 'काइवा रिरेकि' असं काही दिसलं तर ते झालेलं संभाषण पुन्हा वाचायचं पान. ते फार मोलाचं.

एक शब्द मात्र आधी पाठ करा: 'उवागाकि'. 'उवा' म्हणजे वरचं, 'गाकि' हे लिहिणे या अर्थाच्या 'काकु'वरून. 'उवागाकि शिमासु का?' म्हणजे आधीच्या सेव्हवर लिहायचं का? एक गेम वीसेक तास खेळल्यावर वाचन पक्कं करावं म्हणून मी तोच पुन्हा सुरुवातीपासून काढला. पहिल्या यादोयात सेव्ह करताना हा प्रश्न आला. बाकी सगळं वाक्य मला वाचता आलं होतं, तो एक शब्द सोडून, आणि मी 'हाइ' दाबलं. वीस तासांच्या जागी चाळीस मिनिटं उरली. आजही तो शब्द कुठेही दिसला, अगदी कामाच्या फाइलवरसुद्धा, की आधी हात थांबतो.

७. पडद्यावरचा प्रत्येक अनोळखी शब्द शोधायचा का?

नाही. तसं केलं तर दुसऱ्या आठवड्यात गेम बंद पडतो. माझा नियम असा: जो शब्द कळल्याशिवाय पुढची वाट सापडत नाही तो लगेच शोधायचा, आणि जो शब्द तिसऱ्यांदा दिसला तोही. बाकीचे जाऊ द्यायचे. खरोखर लागणारा शब्द स्वतःहून परत येतो.

याला एक जोड द्या. रोज एकच प्रसंग निवडा, पाच-सहा पडद्यांचा, आणि तो शब्दन् शब्द सोडवा. उरलेला वेळ अडखळत, अंदाजाने, पण थांबायचं नाही असं खेळा. नुसतं बारकाईने वाचलं तर वेग येत नाही, नुसतं वाहत गेलं तर व्याकरण तिथेच राहतं.

८. अनोळखी कांजीचा उच्चारच माहीत नाही, तर कोशात कशी शोधू?

फुरिगाना असेल तर प्रश्नच नाही, तोच टाइप करा. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरून मजकूर ओळखणारं ॲप वापरा. छपाईसारख्या स्वच्छ अक्षरांवर ते चांगलं चालतं, नक्षीदार किंवा पिक्सेलच्या अक्षरांवर चुकतं. अशा वेळी कीबोर्डवर बोटाने कांजी काढा. त्यासाठी रेषांचा क्रम थोडा तरी माहीत हवा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. तेही जमलं नाही तर कांजीचे ओळखीचे तुकडे निवडून शोधण्याची सोय कोशांत असते.

संगणकावर संवादप्रधान गेम खेळत असाल तर टेक्स्टरॅक्टर हा प्रोग्रॅम चालू गेममधला मजकूर बाहेर काढून देतो. तो ब्राउझरमध्ये आणला की योमितान या एक्स्टेन्शनने शब्दावर माउस नेताच अर्थ दिसतो. सोय मोठी आहे, पण अर्थ इतका सहज मिळाला की डोळा कांजीवर टिकत नाही. माउस न्यायच्या आधी मनात एक अंदाज बांधा, मगच बघा.

९. गेम सुरू करण्याआधी कांजी वेगळ्या पाठ कराव्या लागतील का?

सगळ्या नाही. नेहमीच्या वापराच्या म्हणून सरकारी यादीत २,१३६ कांजी आहेत. त्यांपैकी १,०२६ जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, आणि पहिलीत फक्त ८०. त्या ८० तेवढ्या आधी करून घ्या. बाकीच्या गेममधल्या शब्दांबरोबर येऊ द्या.

उच्चारांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. 'जीवन' या अर्थाची एकच कांजी कुठे 'सेइ', कुठे 'शोउ', 'इकिरु'त (जगणे) 'इ', 'उमारेरु'त (जन्मणे) 'उ' आणि एकटीच असली तर 'नामा' (कच्चं) अशी वाचतात. हे यादीतून कुणाच्या लक्षात राहणार? शब्दातून राहतं.

तुकडे मात्र नक्की शिका, कारण गेममध्ये त्यांचं फळ लगेच मिळतं. डावीकडे धातूचा तुकडा दिसला की ती वस्तू धातूची. तेत्सु (लोखंड), गिन (चांदी), दोउ (तांबं), कागि (किल्ली), कुसारि (साखळी), कागामि (आरसा), योरोइ (चिलखत) या सगळ्यांच्या कांजीत तो आहे. आरसा तिथे का, असं मला बरेच दिवस वाटायचं. जुने आरसे धातूचे घासून केलेले असत, म्हणून. लोहाराच्या दुकानात शिरलात की यादीभर हाच तुकडा दिसेल. तसेच पाण्याचे तीन थेंब: समुद्र, सरोवर, बंदर, पोहणे.

१०. शब्द आंकीत (उजळणीची कार्डं दाखवणाऱ्या ॲपमध्ये) टाकू की वहीत लिहू?

दोन्ही चालतं. आंकीत टाकत असाल तर सुटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य आणि जमलं तर त्या पडद्याचं चित्र टाका. दिवसाला पाच ते दहा नवे शब्द पुरेत. अर्थ मराठीत लिहा. 'किकोएरु'साठी 'ऐकू येणे' लिहिलं की रूप आणि अर्थ एकदमच बसतात (प्रश्न ३).

११. माझ्याकडच्या गेममध्ये जपानी मजकूर आहे की नाही, हे आधी कसं कळेल?

जपानी आवाज असणं आणि जपानी मजकूर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसगत बहुतेक इथेच होते. जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच आवृत्त्यांत आवाज जपानी असतो, पण मजकूर नसतो. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर भाषांचा तक्ता असतो आणि त्यात इंटरफेस, आवाज, सबटायटल असे वेगळे रकाने असतात. जपानीच्या ओळीत इंटरफेस आणि सबटायटल या दोन्हींवर खूण हवी. तरी घोळ झालाच, तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात.

निन्टेन्डो स्विचवर कन्सोलचीच भाषा जपानी केली की बरेच गेम जपानीत उघडतात. त्या आधीच्या ३डीएसवर मात्र जपानी कार्ट्रिज जपानी यंत्रातच चालतं. २०२५ साली आलेल्या स्विच २चं एक मॉडेल खास जपानसाठी आहे आणि त्यात जपानीशिवाय दुसरी भाषाच नाही. शिकणाऱ्याला ते आकर्षक वाटेल, पण सिस्टिमच्या सूचनाही जपानीतच वाचाव्या लागतील हे लक्षात ठेवून घ्या. प्लेस्टेशन ४ आणि ५ वर जपानी डिस्क चालते. तिच्यासाठी पुढे काही डाउनलोड विकत घ्यायचं झालं तर ते जपानी खात्यातून घ्यावं लागतं.

१२. जपानी गेममध्ये 'होय' दाबलं की मागे का जातं?

प्लेस्टेशनवर प्लेस्टेशन ४पर्यंतच्या जपानी गेममध्ये साधारणपणे गोल म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात, त्याला 'मारु' म्हणतात, आणि चुकीला फुली, 'बात्सु'. अमेरिका-युरोपात हे उलटं होतं. प्लेस्टेशन ५पासून (२०२०) जपानमध्येही फुली म्हणजे होय झालं. जुना गेम काढलात तर पहिला अर्धा तास हात चुकेल.

१३. आवाज जपानी आणि सबटायटल इंग्रजी ठेवले तर वाचन सुधारेल का?

नाही. ऐकण्याची सवय होईल, पण डोळे इंग्रजीच वाचतील. आवाज आणि मजकूर दोन्ही जपानी ठेवा.

१४. आधी दुसऱ्या भाषेत संपवलेला गेम पुन्हा जपानीत खेळण्यात अर्थ आहे का?

भरपूर आहे, विशेषतः पहिल्या वर्षात. गोष्ट माहीत असली की अंदाज बरोबर येतात आणि कोशाशिवाय लांब मजल मारता येते. फक्त फार आवडता गेम असेल तर जरा जपून, कारण पाठ झालेले संवाद आपण वाचतच नाही, नुसते आठवतो. दहा वर्षांपूर्वी खेळलेला, अर्धामुर्धा विसरलेला गेम यासाठी सगळ्यात चांगला.

१५. गेममध्ये शिकलेली जपानी माणसांशी बोलताना वापरता येईल का?

शब्द वापरा, बोलण्याची ढब वापरू नका. गेममध्ये पात्र कोण आहे हे त्याच्या भाषेवरून एका वाक्यात कळावं लागतं, म्हणून ठरलेले साचे वापरतात. म्हातारा स्वतःला 'वाशि' म्हणतो आणि वाक्य 'जा'वर संपवतो, दांडगा नायक 'ओरे', सौम्य मुलगा 'बोकु', खानदानी बाई 'वाताकुशि'. याला 'याकुवारिगो' म्हणतात, भूमिकेची भाषा. वाचणाऱ्याला याची मदतच होते, कारण चेहरा न दाखवताही कोण बोलतंय ते कळतं. पण खऱ्या आयुष्यात आजोबा सहसा असे बोलत नाहीत, आणि अनोळखी माणसासमोर 'ओरे' म्हणणं उद्धटपणाचं होतं. बोलताना 'वाताशि' आणि 'देसु-मासु'ची रूपं धरून राहा.

बोलीचंही असंच. 'र्युउ गा गोतोकु' मालिकेतला माजिमा गोरो कान्साइ बोली बोलतो: 'दा'च्या जागी 'या', 'होन्तोउ'च्या (खरंच) जागी 'होन्मा', नकाराला 'हेन'. वाचायला फार मजा येते, पण पाठ्यपुस्तकातली रूपं पक्की झाल्यावर तिकडे वळा.

१६. शब्द सगळे कळतात, तरी कुणी कुणाला काय दिलं ते कळत नाही. असं का होतं?

मराठीतही आपण कर्ता गाळतो. 'आला', 'गेली', 'देतोस' यांत कोण ते क्रियापदच सांगतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. 'इत्ता' म्हणजे गेला, गेली, गेले, गेलो, गेलीस, काहीही. इथे मराठीची सवय आपल्याला अडवते, कारण आपण शेपटीकडे बघतो आणि शेपटीत काहीच नसतं.

त्याऐवजी दिशा बघा. आपल्या एका 'देणे'साठी जपानीत दोन शब्द आहेत. 'कुरेरु' म्हणजे माझ्याकडे किंवा माझ्या माणसांकडे येणारं देणं, 'आगेरु' म्हणजे माझ्याकडून बाहेर जाणारं. 'मोराउ' म्हणजे मिळणं. 'त्सुरुगिओ कुरेता' एवढंच लिहिलं असलं तरी तलवार मला मिळाली हे ठरलं. 'आगेता' असेल तर ती गेली. हेच दुसऱ्या क्रियापदांना जोडून येतं: 'मोत्ते किते कुरे' म्हणजे घेऊन ये, आणि 'कुरे'मुळे कळतं की ते बोलणाऱ्यासाठी आणायचं आहे. कामगिरीच्या यादीत वस्तू कुणाकडे पोचवायची हे समजत नसेल तर आधी हे तीन शब्द शोधा. माझे अडलेले निम्मे धागे तिथे सुटले.

१७. गेम खेळून जेएलपीटी (जपानी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा) पास होता येईल का?

वाचनाचा वेग येतो आणि त्या परीक्षेत वेळ कमी पडतो, म्हणून मदत नक्की होते. पण एन५ आणि एन४ या तिच्या सोप्या पातळ्यांमध्ये तिकीट, दवाखाना, कार्यालय, वेळापत्रक असे शब्द लागतात, आणि गेममध्ये तुम्हाला 'युउशा' (वीर) आणि 'माओउ' (असुरराज) आधी भेटतात. परीक्षेच्या आधीचे तीन महिने सरावाच्या प्रश्नसंचांना द्या. गेम तेव्हाही सोडू नका, फक्त वेळ कमी करा.

१८. कांजीचा अर्थ एक आणि फुरिगाना भलताच. छापण्यात चूक असते का?

चूक नाही, मुद्दाम केलेलं असतं. 'जुना वैरी' अशी कांजी लिहून तिच्यावर काताकानात 'राइबारु' (म्हणजे रायव्हल) लिहितात. पात्र तोंडाने 'राइबारु' म्हणतं आणि वाचणाऱ्याला आतला अर्थ कांजीतून कळतो. मंत्रांची, हत्यारांची आणि संघटनांची नावं अशी फार असतात. अशा ठिकाणी उच्चार फुरिगानातून घ्या आणि अर्थ कांजीतून. कोशात शोधताना कांजीच शोधा, फुरिगाना टाइप केलात तर ती जोडी सापडणार नाही. प्रश्न ८ मधला 'फुरिगाना टाइप करा' हा सल्ला इथे लागू नाही.

१९. जुन्या गेममधली पिक्सेलची अक्षरं ओळखूच येत नाहीत. काही युक्ती आहे का?

आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत कांजी मावत नाही, म्हणून आतल्या रेषा गाळतात. अशी कांजी बाह्यरेषेवरून आणि शेजारच्या अक्षरावरून ओळखायची. अक्षरन् अक्षर जुळवत बसलात तर हाती काही लागत नाही. कानात जास्त त्रास 'बा' आणि 'पा'चा होतो, कारण दोन टिंबं आणि छोटं वर्तुळ सारखंच दिसतं. काही जुन्या गेममध्ये ही टिंबं अक्षराच्या वरच्या रिकाम्या ओळीत टाकलेली असतात, तिकडे नजर ठेवा. काताकानात 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न्' यांची गल्लत होते: 'शि' आणि 'न्'मध्ये छोट्या रेषा डाव्या कडेला एकाखाली एक असतात, 'त्सु' आणि 'सो'मध्ये वरच्या कडेला शेजारी शेजारी.

आणि एक जोडी मोठ्या पडद्यावरही फसवते. काताकानातला 'का' आणि 'चिकारा' (शक्ती) ही कांजी जवळजवळ एकच दिसतात, तसेच 'रो' आणि 'कुचि' (तोंड). शेजारी काताकाना असेल तर अक्षर समजा, एकटं किंवा हिरागानाजवळ असेल तर कांजी. पात्राच्या आकड्यांच्या पानावर एकटा 'का' दिसला तर तो बहुधा 'चिकारा' असतो.